पार्ले, 1987: गुन्हा शाबीत झाला, फायदा मात्र खिशात राहिला

जुलै 1999 मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या आदेशाने बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. ज्यांनी उभ्या आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही, त्यांना निवडणूक लढवायला बंदी. ही बंदी ज्या भाषणांसाठी होती, ती साडेअकरा वर्षांपूर्वी, 1987 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात झाली होती. धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल देशातल्या एका पहिल्या फळीच्या नेत्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोषी धरले गेले, त्याचा मतदानाचा हक्क काढला गेला, असे प्रकरण दुसरे सहज सापडत नाही. कायदा चालला म्हणायचे तर सगळे टप्पे पूर्ण झाले. तरीही या प्रकरणात नक्की कोण जिंकले, याचे उत्तर निकालपत्रात मिळत नाही.

आधी मतदारसंघ समजून घेऊ. पार्ले पूर्व म्हणजे टिळक मंदिराचे, पार्ले टिळक विद्यालयाचे, मध्यमवर्गीय मराठी वस्तीचे पार्ले. त्याला लागून गुजराती वस्ती, आणि खाली समुद्राकडे खारदांड्याचा कोळीवाडा. 13 डिसेंबर 1987 ला इथे पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे, जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा आणि शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू अशी मुख्य लढत. प्रभू त्या वेळी मुंबईचे महापौर. पेशाने डॉक्टर, पार्ल्यात घरोघरी ओळख, पुढे तिथल्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुलाच्या उभारणीशीही त्यांचेच नाव जोडले गेले. असा उमेदवार स्वतःच्या कामावर मते मागू शकला असता. आज विसरले जाणारे आणखी एक: भारतीय जनता पक्ष या निवडणुकीत शिवसेनेबरोबर नव्हता, त्याचा पाठिंबा व्होरांना होता. शिवसेना-भाजप युती व्हायला 1989 उजाडायचे होते.

शिवसेनेचा तोवरचा मुद्दा मराठी माणसाचा. 1985 मध्ये मुंबई महापालिका हाती आली होती, पण विधानसभेत त्यांचा एकच आमदार होता, माझगावचे छगन भुजबळ. देशात वारे फिरत होते. फेब्रुवारी 1986 मध्ये बाबरी मशिदीचे कुलूप उघडले गेले, त्याच वर्षी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देणाऱ्या शाहबानो निकालाला वळसा घालणारा कायदा संसदेने केला. राजीव गांधींच्या सरकारने दोन्ही बाजूंच्या धर्मनिष्ठांना एकेक पुडी बांधून दिली आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. मुंबईपलीकडे जायचे तर नुसत्या 'मराठी' या मुद्द्यावर जाता येत नाही, हे शिवसेनेच्या लक्षात आले होते. पार्ले ही त्या नव्या मुद्द्याची पहिली उघड परीक्षा ठरली.

तीन सभा झाल्या: 29 नोव्हेंबर, 9 डिसेंबर आणि 10 डिसेंबर. 9 तारखेची खारदांड्याला शंकराच्या देवळाजवळ, 10 तारखेची पार्ले पूर्वेला जलतरण मैदानावर. भाषणे मराठीत होती, निकालपत्रात त्यांचे इंग्रजी भाषांतर आहे, म्हणून इथे अवतरणचिन्हे न लावता आशय देतो. पहिल्या सभेत ठाकरे म्हणाले की आपण ही निवडणूक हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढतो आहोत, म्हणून मुसलमानांच्या मतांची आपल्याला पर्वा नाही. हा देश हिंदूंचा आहे आणि हिंदूंचाच राहील. दुसऱ्या सभेत मशिदी खणल्या तर खाली देवळे सापडतील हे आले, हिंदूंच्या विरोधात उभा राहील त्याची जोड्यांनी पूजा करा हे आले, आणि प्रभू नावाच्या उमेदवाराला धर्माच्या नावावर विजयी करा हेही आले. तिसऱ्यात जनता पक्षाचा समाचार होता. त्या पक्षातल्या सय्यद शहाबुद्दीन यांना सापाची उपमा, मालेगावच्या निहाल अहमद यांचा उल्लेख, आणि असा पक्ष पार्लेकरांनी गाडून टाकावा असे आवाहन. मुसलमानांची मते आम्हाला नकोत, हे त्यातही पुन्हा होते.

यातले कुठले वाक्य सर्वांत गंभीर? मशिदींचे वाक्य भडक आहे आणि पुढे तेच जास्त गाजले. माझ्या मते मतांविषयीचे वाक्य अधिक खोल जाते. या लढतीत काँग्रेसचे कुंटेही हिंदूच होते. तेव्हा हिंदू उमेदवार विरुद्ध अन्यधर्मीय उमेदवार असा प्रश्नच नव्हता. प्रश्न मतदारांपैकी कोण मोजले जाणार हा होता. निवडणुकीत प्रत्येक मत मागावे लागते, न आवडणाऱ्याच्या दारातही हात जोडून उभे राहावे लागते, आणि या लाचारीतच लोकशाहीचे बरेचसे शहाणपण दडलेले असते. ती लाचारी एकदा भर सभेत झुगारून दिली, टाळ्याही मिळाल्या आणि वर निवडणूकही जिंकता आली, की पुढच्या उमेदवाराने त्या दारात का जावे? तिरंगी लढतीत निम्मी मतेही लागत नाहीत. एका गटाला तोडून दुसऱ्याला घट्ट बांधणे हा हिशेब पक्षाच्या दृष्टीने चोख असतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे.

प्रभू निवडून आले. हरलेल्या कुंट्यांनी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली: 1988 सालची पहिली.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 123 मध्ये भ्रष्ट आचरणांची यादी आहे. पहिले नाव लाचेचे. त्याच यादीत पोटकलम 3 येते: उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने इतर कोणी, धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा या कारणावरून मत द्या किंवा देऊ नका असे आवाहन करणे. 3-क मध्ये निवडणुकीसाठी समाजासमाजांत वैर वाढवणे. म्हणजे मतदाराला पाकीट देणे आणि देवाची शपथ घालणे कायद्याच्या लेखी एकाच पंगतीत बसते. आरोप सिद्ध झाला तर निवडणूक रद्द. शिवाय भाषण करणारा उमेदवार नसला तरी कलम 99 खाली त्याला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून, भ्रष्ट आचरण करणारा म्हणून त्याचे नाव निकालात घालता येते. पुढे त्याला किती काळ अपात्र ठरवायचे हे राष्ट्रपती ठरवतात, पण निवडणूक आयोगाच्या मतानुसारच.

कायद्यात एक ग्यानबाची मेख आहे. हे सगळे मतदानानंतरचे आहे. प्रचार चालू असताना न्यायालयात जाता येत नाही. निकालानंतर 45 दिवसांत कोणा उमेदवाराने किंवा मतदाराने याचिका करायची, पुरावा जवळपास फौजदारी खटल्याच्या तोडीचा द्यायचा, वकिलांचा खर्च सोसायचा. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. ते 'प्रयत्न करावा'च आहे.

उच्च न्यायालयाने 7 एप्रिल 1989 ला निकाल दिला. सोळा महिने. आपल्याकडच्या मानाने हे झपाट्याचे काम, आणि निकालही स्पष्ट: प्रभूंची निवडणूक रद्द, दोन्ही पोटकलमांखाली दोष सिद्ध, ठाकरे यांचे नाव कलम 99 खाली नोंदवले. प्रभू सभांना हजर होते, भाषण करणारे त्यांच्या पक्षाचे सर्वेसर्वा होते, तेव्हा संमती नव्हती असे म्हणायला जागा उरली नाही. दोघेही अपिलात गेले. त्या अपिलांना सहा वर्षे आठ महिने लागले.

11 डिसेंबर 1995 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, म्हणजे जे. एस. वर्मा, एन. पी. सिंह आणि के. व्यंकटस्वामी यांनी, निकाल दिला. बचावाचा एक मुद्दा घटनात्मक होता: भाषणस्वातंत्र्याला घटनेत ठरावीक कारणांनीच मर्यादा घालता येते, त्यात 'धर्माच्या नावावर मत' हे कारण कुठे आहे? न्यायालयाने उत्तर दिले की त्या कारणांत 'सभ्यता' आहे, आणि सभ्यता म्हणजे केवळ अश्लीलतेचा अभाव असे नाही. धर्मनिरपेक्ष राज्यात धर्म पुढे करून मत मागणे सार्वजनिक जीवनातल्या सभ्य वागण्यात बसत नाही. हा युक्तिवाद मला फार आवडतो, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही याचे वाईट वाटते. भाषणांच्या भाषेबद्दलही न्यायालयाने खेद नोंदवला. एवढ्या मोठ्या नेत्याने असा संयम सोडावा हे निंद्य आहे, अशा अर्थाचे ताशेरे निकालात आहेत. अपिले फेटाळली गेली.

पण हा निकाल लोकांच्या लक्षात राहिला तो दुसऱ्याच कारणासाठी. त्याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटले की 'हिंदू', 'हिंदुत्व' हे शब्द भाषणात आले एवढ्यावरून ते धर्माच्या नावावरचे आवाहन ठरत नाही. हिंदुत्व ही सर्वसाधारणपणे इथल्या लोकांची जीवनपद्धती समजली जाते, आणि शब्द कोणत्या संदर्भात वापरला हे पाहावे लागते. संदर्भ पाहून न्यायालयाने प्रभू आणि ठाकरे यांना दोषीच धरले. बाहेर मात्र पहिला अर्धा भाग तेवढा गेला. भाजपने त्याचे जाहीर स्वागत केले, आणि तेव्हापासून 'सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे' हे वाक्य प्रचारात रुळले. ज्या खटल्यात शिक्षा झाली, त्याचेच निकालपत्र प्रशस्तिपत्र म्हणून फिरू लागले.

या 'जीवनपद्धती'चा उगम पाहण्यासारखा आहे. न्यायालयाने आधार घेतला तो मुख्यतः 1966 च्या एका निकालाचा, आणि तो लिहिला होता सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. वाद गुजरातेतला होता. स्वामिनारायण पंथाच्या अनुयायांचे म्हणणे होते की आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा, म्हणून हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा कायदा आम्हाला लागू नाही. गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्माची चौकट किती ऐसपैस आहे, तो एका ग्रंथाचा किंवा एका प्रेषिताचा धर्म नसून जीवनपद्धती कशी आहे, हे सविस्तर मांडले आणि देवळाचे दार उघडायला लावले. दलितांना आत घेण्यासाठी रुंद केलेली ती व्याख्या 29 वर्षांनी एका राजकीय विचारसरणीच्या नावाला लावली गेली. गजेंद्रगडकर हिंदू धर्माबद्दल बोलत होते. हिंदुत्व आणि हिंदू धर्म या दोन गोष्टी एक नाहीत असे तर खुद्द सावरकरांनी लिहून ठेवले आहे. वर्मा यांच्या पीठाने त्या फरकाची दखल घ्यायला हवी होती असे मला वाटते. 'संदर्भ पाहा' ही कसोटी योग्यच आहे, पण ती लावायला इतक्या व्यापक विधानाची गरज नव्हती.

त्याच दिवशी, त्याच पीठाने दुसरा निकाल दिला: मनोहर जोशी विरुद्ध नितीन भाऊराव पाटील. फेब्रुवारी 1990 मध्ये शिवाजी पार्कच्या सभेत जोशी म्हणाले होते की पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने दादरमधली त्यांची निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वाचवली. असे विधान कितीही तिरस्करणीय असले तरी ती फार तर एक आशा आहे, मतासाठी केलेले आवाहन नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. निवडणुकीच्या तोंडावर, निवडणुकीच्या सभेत, उमेदवाराने व्यक्त केलेली आशा मतासाठी नसेल तर कशासाठी असते, हे मला आजवर उमगलेले नाही. इतर नेत्यांच्या भाषणांचा आधार घेतला, पण त्यांना कलम 99 ची नोटीसच दिली नाही, हीही उच्च न्यायालयाच्या निकालातली त्रुटी ठरली. ती कायद्याने बरोबर आहे. पार्ल्याच्या खटल्यात ठाकरे यांना नोटीस गेली होती, म्हणून तो निकाल टिकला.

निकालाच्या दिवशी मनोहर जोशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

एक आमदार असलेली शिवसेना 1990 मध्ये 52 वर गेली होती, 1995 मध्ये 73 वर, आणि भाजपच्या 65 जागा धरून सत्तेत. हे सगळे पार्ल्याच्या तीन सभांमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. काँग्रेसमधली भांडणे होती, मराठवाड्यात शिवसेनेने खेडोपाडी उघडलेल्या शाखा होत्या, बेकार तरुण होते. मधल्या काळात मशीद पडली, मुंबईत डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत 900 माणसे मेली. पण पार्ल्यात सापडलेली वाट फायद्याची आहे, हे पक्षांना लवकर कळले. 1987 मध्ये समोर उभा असलेला भाजप दोन वर्षांत शेजारी येऊन बसला. आणि ज्या संस्थेने ही वाट बंद करायची, तिचे शेवटचे उत्तर आले तेव्हा त्या वाटेने लोक मंत्रालयात पोचले होते. त्या उत्तरानंतर महिन्या-दीड महिन्यात, जानेवारी 1996 मध्ये, या सरकारने दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग गुंडाळला. मे महिन्यात त्याला पुन्हा जिवंत करावे लागले, तो भाग वेगळा.

आता शिक्षेचे पाहू. डिसेंबर 1995 ला दोष कायम झाला, राष्ट्रपतींचा आदेश जुलै 1999 ला. सहा वर्षे मोजली गेली 11 डिसेंबर 1995 पासून 10 डिसेंबर 2001 पर्यंत. म्हणजे आदेश हातात पडला तेव्हा त्यातली साडेतीन वर्षे उलटूनही गेली होती. त्या वर्षांत 1996 आणि 1998 अशा दोन लोकसभा निवडणुका झाल्या. प्रत्यक्षात बंदी जाणवली ती मुख्यतः सप्टेंबर 1999 च्या लोकसभा-विधानसभा निवडणुकीत. त्यातही बंदी होती मत देण्यावर आणि उमेदवारीवर. सभा घेण्यावर, पक्ष चालवण्यावर, उमेदवार ठरवण्यावर नव्हती. ज्या कृतीसाठी शिक्षा झाली, ती कृती करण्याची मोकळीक शाबूत. प्रभू आणि ठाकरे या दोघांत उमेदवार म्हणून कारकीर्द असलेले प्रभूच, तेव्हा त्यांना शिक्षेची झळ अधिक. आणि कुंटे? याचिका जिंकूनही आमदारकी काही त्यांच्या वाट्याला आली नाही. ती विधानसभा 1990 मध्येच संपली होती.

लगेच लागू पडणारा उपाय निवडणूक आयोगाकडे असतो, तो आचारसंहितेतून. टी. एन. शेषन 1990 च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून आले, त्याआधी या संहितेला कोणी भीक घालत नसे. एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोचल्यावर आयोगाने योगी आदित्यनाथ यांना 72 तास आणि मायावती यांना 48 तास प्रचारबंदी केली. तीन दिवस प्रचार बंद, ही शिक्षा लहान दिसते. पार्ल्यात 29 नोव्हेंबरच्या सभेनंतर असे 72 तास कोणी लावले असते तर 9 आणि 10 डिसेंबरच्या सभांत काय बोलले गेले असते, याचा विचार करून पाहावा. मला ते तीन दिवस बारा वर्षांनंतरच्या सहा वर्षांपेक्षा जड वाटतात. अट एवढीच की आयोगाचा हात सत्ताधाऱ्यावरही तसाच पडला पाहिजे, आणि तिथे अलीकडचा अनुभव उत्साह वाढवणारा नाही.

कायद्याचा एक धागा सुटायचा राहिला होता. कलम 123 च्या पोटकलम 3 मध्ये 'त्याच्या धर्माच्या कारणावरून' असे शब्द आहेत, त्यातला तो कोण? पार्ल्याच्या निकालाने त्याचा अर्थ उमेदवाराचा धर्म असा घेतला होता. तसे असेल तर मतदाराला 'तुझ्या धर्मासाठी' म्हणणारा सुटू शकतो. शेजारच्याच सांताक्रूझ मतदारसंघातून 1990 मध्ये निवडून आलेल्या भाजपच्या अभिराम सिंह यांच्या खटल्यात हा प्रश्न सात न्यायमूर्तींपुढे गेला आणि 2 जानेवारी 2017 ला चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला: उमेदवाराचा, विरोधकाचा, मतदाराचा, कोणाचाही धर्म, जात, भाषा पुढे करून मत मागता येणार नाही. हिंदुत्वाच्या 1995 च्या अर्थाला त्या पीठाने हात लावला नाही. तो प्रश्न आमच्याकडे पाठवलेलाच नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

त्या पीठातले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेले अल्पमत महाराष्ट्राने तरी नीट वाचावे. जातीमुळे, भाषेमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय निवडणुकीत मांडायचा नाही तर कुठे, असा त्यांचा सवाल आहे. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मते मागितली ती भाषेच्याच राज्यासाठी. भाषा जपण्याचे आश्वासन देणे हे भ्रष्ट आचरण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये, हरियाणा पट्ट्यातल्या हिंदीच्या आंदोलनावरून आलेल्या सिद्धांती खटल्यात म्हटलेही होते. बहुमताच्या निकालानंतर ही मोकळीक नक्की किती उरली, हे पुढच्या एखाद्या याचिकेतच कळेल. अन्यायाची दाद मागण्यासाठी स्वतःची जात किंवा भाषा सांगणे, आणि अमुक लोकांची मते आम्हाला नकोत असे सांगणे, या दोहोंना कलम 123 एकाच मापाने मोजते. पार्ल्याची भाषणे दुसऱ्या प्रकारात निःसंशय बसत होती; तिथे न्यायालयांना संभ्रम पडला नाही, फक्त वेळ लागला. सांताक्रूझच्या खटल्यात तर ज्या विधानसभेच्या जागेवरून वाद होता, ती विधानसभा विसर्जित होऊन 22 वर्षे झाली होती.